नाशिकमध्ये बसून इमिग्रेशनची वकिली: काय करता येतं, काय नाही आणि सुरुवात कुठून करावी

कॉलेज रोडने किंवा गंगापूर रोडने एक फेरी मारली तरी परदेशी शिक्षणाच्या आणि व्हिसाच्या पाट्या पावलोपावली दिसतात. यांतली बरीच कार्यालयं सल्लागारांची असतात, वकिलांची नव्हेत. कायद्याची पदवी घेऊन याच क्षेत्रात उतरायचं असेल, तर त्या पाटीत आणि आपल्या पाटीत फरक काय, याचं उत्तर आधी स्वतःशी पक्कं करायला हवं.

अमेरिकेचा किंवा कॅनडाचा कायदा नाशिकच्या सनदेवर, म्हणजे इथल्या वकिलीच्या परवान्यावर, चालवता येत नाही. पण माणूस विमानात बसेपर्यंतचा सगळा कायदा भारतीय आहे आणि तो पूर्णपणे तुमचा आहे: पासपोर्ट, जन्म आणि विवाहाच्या नोंदी, नावातला बदल, प्रलंबित खटल्यात परदेशी जाण्याची परवानगी, नागरिकत्व, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड). फायली जास्त करून याच टप्प्यावर बिघडतात आणि सल्लागाराला हा टप्पा दुरुस्त करता येत नाही. म्हणून इथली प्रॅक्टिस या भारतीय बाजूवर उभी करावी आणि परदेशी कायद्यासाठी त्या त्या देशाचा परवानाधारक वकील जोडून घ्यावा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

सनद

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दोन्हींसाठी राज्याची लॉ सीईटी द्यावी लागते. नाशिकमध्ये एनबीटी लॉ कॉलेजसारखी जुनी महाविद्यालयं आहेत, त्यामुळे त्यासाठी गाव सोडायची गरज नाही. पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ प्रमाणे नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन उत्तीर्ण व्हायचं.

पहिली दोन-तीन वर्षं व्हिसाच्या कार्यालयात नव्हे, सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात घालवा. फौजदारी आणि कौटुंबिक काम करणारे सीनियर मिळाले तर उत्तम. जामिनाच्या अटी शिथिल करण्याचा अर्ज, पालकत्वाचा अर्ज, विशेष विवाह कायद्याखालची ३० दिवसांची नोटीस, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातली दुरुस्ती, हे हाताखालून गेलेलं असेल तर पुढे इमिग्रेशनची फाइल हातात येताच तिचं दुखणं कुठे आहे ते कळतं.

कोणत्या देशासाठी काय बोलता येतं

इथे चूक झाली तर नुकसान पक्षकाराचं होतं, म्हणून हा भाग पाठच असावा.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यासमोर तिथल्या एखाद्या राज्याचा परवाना असलेला वकील जी-२८ हा प्रतिनिधित्वाचा फॉर्म भरून उभा राहतो. मुंबईच्या बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत मात्र अर्जदाराला स्वतःच द्यावी लागते. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायला कोणी मदत केली का, असा प्रश्न त्याच फॉर्ममध्ये असतो. तुम्ही मदत केली असेल तर तिथे ‘हो’ म्हणायचं आणि नाव द्यायचं.

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ९१ सांगतं, की पैसे घेऊन प्रतिनिधित्व तिथल्या लॉ सोसायटीचे सदस्य, क्यूबेकचे नोटरी किंवा इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ या नियामक संस्थेचे परवानाधारक यांनीच करावं. आपल्याकडे सर्रास चालतं ते असं: सल्लागार पैसे घेतो, पण अर्ज अर्जदाराच्या नावाच्या खात्यातून ‘स्वतः भरला’ म्हणून जातो. हे उघड झालं तर प्रश्न अर्जदाराला विचारले जातात. खोटी किंवा दडवलेली माहिती सिद्ध झाली, तर कॅनडाची दारं पाच वर्षं बंद.

न्यूझीलंडचा इमिग्रेशन सल्लागारांसाठीचा २००७ चा परवाना कायदा तर नाशिकपर्यंत पोचतो. देशाबाहेर बसून सल्ला देणाऱ्यालाही परवाना लागतो. परदेशातून फक्त विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांना तेवढी सूट आहे. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट आणि तिथले वकील हे काम करतात. ब्रिटनमध्ये वकिलांखेरीज इतर सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी झालं आहे.

पुढे परदेशी परवाना घ्यायचाच असेल तर भारतीय वकिलांना ब्रिटनची एसक्यूई (सॉलिसिटर होण्याची परीक्षा) किंवा कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कची बार परीक्षा हे मार्ग खुले आहेत. कॅनडाचा सल्लागार परवाना मात्र तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो. इथे बसून तो कोर्स ‘करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

आता आपल्याकडचा कायदा. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. वकिलाने करार वाचून द्यावा, त्यातली कलमं समजावून सांगावी. ‘दुबईत नोकरी लावून देतो’ हे शब्द तोंडातून निघाले, की तुम्ही वकील राहत नाही, विनापरवाना भरती एजंट होता.

सनद आणि दुकान

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, स्वतः व्यवसाय चालवता येत नाही, निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. ‘व्हिसा नाही तर पैसे परत’ हे वाक्य सल्लागाराच्या फलकावर चालून जाईल, तुमच्या लेटरहेडवर ते गैरवर्तन ठरतं. कंपनीच्या ग्लोबल मोबिलिटी (कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या) विभागात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर सनद स्थगित करावी लागते.

विद्यापीठाकडून कमिशन घेणं हा या धंद्यातला मोठा मोह आहे. मुलाला कोणता देश आणि कोणता कोर्स योग्य हे सांगणाऱ्याचं पोट त्या कोर्सच्या प्रवेशावर चालत असेल, तर तो सल्ला निःस्वार्थ राहूच शकत नाही. वकिलाने फी फक्त पक्षकाराकडून घ्यावी, टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि प्रत्येक टप्प्याचं काम लेखी द्यावं: कागद तपासणी, दुरुस्तीचे अर्ज, न्यायालयीन अर्ज, परदेशी वकिलाशी समन्वय. वेबसाइट चालते, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, पात्रता आणि कामाचं क्षेत्र एवढंच. ‘९८ टक्के यश’ नाही, समाधानी ग्राहकांचे फोटो नाहीत.

नावाचा तक्ता

नवी फाइल आली की पहिला तास फक्त नावांवर घालवा. एका कोऱ्या कागदावर उभे रकाने आखा: कागद, त्यावरचं नाव जसंच्या तसं, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण. मग जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट, विवाह नोंदणी, सगळं एकाखाली एक उतरवा. झेरॉक्सवरून नको, मूळ कागद समोर ठेवून.

आपल्याकडचा घोळ ठरावीक असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टला आडनाव वेगळ्या रकान्यात. जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना कधी कोराच असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत. अशा पासपोर्टवर अमेरिकन व्हिसात पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, पहिलं नाव माहीत नाही) उमटतं आणि पुढे बँक, ड्रायव्हिंग लायसन्स, पगार सगळीकडे ते नावच होऊन बसतं. लग्नानंतर सुनीता रमेश पवारची सुनीता संदीप जाधव होते, पण आधारवर झालेली असते, पासपोर्टवर नाही आणि पदवीवर तर नाहीच. त्यात ‘पवार’ला कुठे डब्ल्यू, कुठे व्ही. ‘दीपाली’ला कुठे दोन ई, कुठे आय.

तक्ता झाला की एक कागद खुंटा म्हणून ठरवा. तरुण अर्जदाराच्या बाबतीत तो बहुधा दहावीचं प्रमाणपत्र असतो, कारण पुढचं सगळं शिक्षण त्यावर बेतलेलं असतं. पासपोर्ट त्याला जुळवून घ्या. जन्मनोंदीतली चूक जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडूनच दुरुस्त होते, प्रतिज्ञापत्राने नव्हे. प्रतिज्ञापत्र दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत एवढं सांगतं, नोंद बदलत नाही. राजपत्रातला नावबदल शेवटी करायचा, तोही खरोखर नाव बदलायचं असेल तरच. घाईने राजपत्र काढलं की जुने सगळे कागद ‘आधीच्या नावाचे’ होतात आणि एका गोंधळाचे दोन होतात.

आईवडिलांना बोलावून घेण्याच्या फायलींत अडचण वेगळी. पन्नास-साठच्या दशकात सुरगाणा, पेठ किंवा येवल्याच्या खेड्यात घरी जन्मलेल्या माणसाची नोंदच सापडत नाही. एक वर्षाहून उशिराची नोंद करायला २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो आणि राज्यात २०२५ पासून अशा नोंदींची छाननी कडक झाली आहे. अमेरिकेच्या कुटुंब व्हिसासाठी साठी ओलांडलेल्या माणसाची आता नवी नोंद करत बसू नये. नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, हा संच जास्त विश्वासार्ह दिसतो. काल काढलेला आणि साठ वर्षांपूर्वीची तारीख सांगणारा दाखला संशय वाढवतो.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, शिक्का आणि समासातल्या शेऱ्यासकट. भाषांतरकाराचं नाव, पत्ता, सही, तारीख आणि ‘भाषांतर अचूक आहे’ हे विधान खाली हवं. अमेरिकेसाठी दोन्ही भाषा येत असल्याचंही लिहावं लागतं.

अपोस्टिल म्हणजे करारातल्या देशांत चालणारं कागदाचं सरकारी प्रमाणीकरण. त्याचा करार भारताला २००५ पासून लागू आहे, कॅनडाला जानेवारी २०२४ पासून. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, तिथे दूतावासाचं प्रमाणीकरण लागतं. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, असं पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगा. अपोस्टिलचा स्टिकर कागदावर लागतो, प्लॅस्टिकवर नाही.

शेतीच्या पैशाचा पुरावा

निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराचा मुलगा ब्रिटनला निघतो तेव्हा पैसा असतो, पण तो कागदावर परक्या अधिकाऱ्याला समजेल असा नसतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरणपत्र नाही किंवा किरकोळ रकमेचं. वर्षभर पासबुक शांत आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदम मोठ्या रकमा. लंडन किंवा दिल्लीत टेबलामागे बसलेल्या माणसाला हे ‘अर्जापुरते आणून टाकलेले पैसे’ वाटतात.

यावर उपाय म्हणजे एका पानाचा पीक तक्ता. गट नंबर, क्षेत्र, पीक, तोडणीची तारीख, वजन, दर, व्यापाऱ्याचं किंवा निर्यातदाराचं बिल आणि शेवटच्या रकान्यात बँकेत जमा झाल्याची तारीख. प्रत्येक ओळीमागे तिचा कागद: द्राक्षाला निर्यातदाराचं बिल, कांद्याला लासलगाव किंवा पिंपळगाव बाजार समितीची हिशोबपट्टी, जिच्यावर वजन, भाव, हमाली-तोलाई आणि निव्वळ रक्कम असते. सोबत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आठ-अ आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मागच्या दोन हंगामांचा तक्ता जोडला की एकदम आलेल्या रकमेचा क्रम दिसतो आणि संशयाला जागा उरत नाही.

चुका कुठे होतात? सातबारावर चार भावांची नावं असतात आणि पूर्ण उत्पन्न एकाचं दाखवलं जातं. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो आणि तो भाषांतरात गाळला जातो. कोट्यवधींच्या जमिनीचं मूल्यांकन जोडलं जातं, पण जमीन म्हणजे फी भरायला हाताशी असलेला पैसा नव्हे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि तो २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या ३१ दिवसांच्या आत हवा. मधे एक दिवस औषधं-खतांच्या दुकानाचा चेक वटला आणि शिल्लक मर्यादेखाली गेली, तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंट (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येईल असं खातं) आणि शैक्षणिक कागद तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र. विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे आणि ते हाती यायला वेळ लागतो, म्हणून तिथपासून सुरुवात करा.

खटला चालू असताना पासपोर्ट

नाशिकच्या वकिलाला खरी पकड मिळवून देणारं काम हे आहे. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना, जीएसआर ५७०, सांगते की ज्या न्यायालयात खटला आहे त्याने परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो.

वकील हरतात ते अर्जाच्या प्रार्थनेत, म्हणजे न्यायालयाकडे केलेल्या मागणीत. ‘अर्जदाराला परदेशी जाण्याची परवानगी द्यावी’ एवढंच मागितलं आणि आदेशात मुदत आली नाही, तर अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. दहा वर्षांचा पासपोर्ट हवा असेल तर ‘दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट देण्यास परवानगी’ हे शब्द प्रार्थनेतही हवेत आणि आदेशातही. आदेश हाती आल्यावर तिथेच उभं राहून वाचा. मुदत सुटली असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.

अर्जाला काय जोडावं: गुन्हा क्रमांक आणि खटल्याचा टप्पा, आरोपपत्राची प्रत, प्रवासाच्या तारखा आणि कारण, नोकरीचं किंवा प्रवेशाचं पत्र, तिथला पत्ता, वकिलामार्फत हजेरीची आणि बोलावल्यावर परतण्याची हमी, स्थानिक जामीनदार. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये ‘खटला प्रलंबित आहे का’ याला ‘नाही’ लिहून मोकळं होण्याचा सल्ला कोणी देत असेल तर पक्षकाराला ठामपणे थांबवा. पोलीस पडताळणीत ते बाहेर येतंच आणि मग माहिती दडवल्याबद्दल कलम १० खाली पासपोर्ट जप्त होऊ शकतो. नुसता गुन्हा नोंदवला आहे, न्यायालयाने अजून दखल घेतलेली नाही, ही स्थिती वेगळी आहे. तिला ‘प्रलंबित खटला’ म्हणता येत नाही, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे.

नाकारलेल्या पासपोर्टविरुद्ध कलम ११ खाली अपील आहे. लुकआउट सर्क्युलर (माणसाला देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना) निघालं असेल तर रिट मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्यपीठात, कारण नाशिक जिल्हा औरंगाबाद खंडपीठाखाली येत नाही. परदेशी जाण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ चा भाग आहे, हे १९७८ च्या मनेका गांधी निकालापासून पक्कं आहे. तो निकाल पासपोर्टवरूनच झाला होता. आज त्याच पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात.

कौटुंबिक वादांत आणखी एक गोष्ट तपासा. परदेशात मिळालेला घटस्फोट भारतात आपोआप मान्य होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि १९९१ चा नरसिंह राव निकाल लावून पाहा, मगच दुसऱ्या विवाहावर आधारलेल्या व्हिसाची फाइल उघडा.

परत येणारे आणि इथे येणारे

परदेशी नागरिकत्व घेताच नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. तरीही जुना भारतीय पासपोर्ट वापरत राहणारे लोक भेटतात. आधी तो परत करून सरेंडर प्रमाणपत्र, मग ओसीआय. परदेशी जोडीदाराला ओसीआय हवं असेल तर विवाह नोंदवलेला आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेला हवा.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट २०२५ लागू झाला आणि १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टसह चार जुने कायदे गेले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येणारे परदेशी अभियंते, त्यांची नोंदणी, व्हिसाची मुदतवाढ, हे सगळं परदेशी नागरिकांसाठीच्या ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर चालतं. हॉटेल आणि लॉजवाल्यांना परदेशी पाहुण्याची माहिती, जिला सगळे सी-फॉर्म म्हणतात, २४ तासांत भरावी लागते. सिंहस्थात पंचवटी आणि त्र्यंबकच्या धर्मशाळा, होमस्टेवाल्यांना याची जाणीव करून देणं हे सुद्धा वकिलाचं काम आहे.

नकार आल्यावर

आधी नकाराचं पत्र शब्दशः वाचा. अमेरिकेच्या २१४(ब) नकारावर, म्हणजे अर्जदार परत येईल याची खात्री न पटल्याने दिलेल्या नकारावर, अपील नाही. परिस्थिती बदलली असेल तरच नवा अर्ज. २२१(ग) म्हणजे कागद किंवा तपासणी बाकी. ब्रिटनच्या विद्यार्थी आणि नोकरी व्हिसाला २८ दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. कॅनडाच्या नकारावर तिथल्या फेडरल कोर्टात ६० दिवसांत अर्ज, तोही तिथल्या वकिलाकडूनच. जर्मनीने जुलै २०२५ पासून व्हिसा नकारावरची जुनी हरकत प्रक्रिया बंद केली आहे. या मुदती नकार कळल्यापासून पळायला लागतात आणि पक्षकार तुमच्याकडे येतो तो बहुधा तीन आठवडे नातेवाइकांना विचारून झाल्यावर. म्हणून पहिल्या फोनवरच विचारा: पत्राची तारीख काय?

रोजचं काम

नियम सतत हलतात. कॅनडाची जलद विद्यार्थी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये एका दिवसात बंद झाली. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीवर सल्ला देऊ नका. अमेरिकेचं फॉरेन अफेअर्स मॅन्युअल, दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन, ब्रिटनचे इमिग्रेशन नियम आणि त्यांची परिशिष्टं, कॅनडाच्या अधिकाऱ्यांसाठीच्या सूचना, हे सगळं मोफत वाचायला मिळतं. रोज सकाळी अर्धा तास त्यासाठी ठेवा आणि सल्ल्याच्या पत्रावर ‘या तारखेच्या नियमांप्रमाणे’ असं लिहा.

बीकेसीची मुलाखत सकाळची असेल तर पक्षकाराला आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करायला सांगा. पंचवटी एक्स्प्रेसने वेळेत पोचणं होत नाही आणि कसाऱ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला की गाडीने निघालेलेही अडकतात.

मूळ कागद शक्यतो स्वतःकडे ठेवू नका. स्कॅन करा आणि त्याच दिवशी परत द्या. ठेवावेच लागले तर दोन प्रतींत पोचपावती करा: प्रत्येक कागदाचं नाव, क्रमांक, घेतल्याची तारीख, परत दिल्याची तारीख आणि दोघांच्या सह्या. फीच्या वादात पासपोर्ट अडवून ठेवण्याचा विचारही मनात आणू नका. पासपोर्ट हा सरकारच्या मालकीचा दस्त आहे, तो वकिलाला थकलेल्या पैशांपोटी धरून ठेवता येत नाही.